चित्रकार टर्नर आणि भिंतीवरील शेजार

आपण केलेलें काम चार लोकांपुढें मांडावें कीं न मांडावें, आणि मांडावयाचें तर तें कोणत्या रीतीनें, हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाहीं. चित्रकलेच्या तासाला सुंदर चित्र काढून तें वहींत लपवून ठेवणारा विद्यार्थी आम्ही पाहतों, आणि सामान्य चित्र काढून तें वर्गभर मिरविणाराहि पाहतों. पहिल्याच्या गुणांचा कोणास उपयोग होत नाहीं. दुसऱ्यास आपल्या उणिवा कधीं समजत नाहींत. या दोहोंमधील वाट कोणती, याचा विचार करण्यास इंग्लंडचा प्रख्यात चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर याचें चरित्र उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें. १७९० पासून १८५० पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षें, हा पुरुष आपलीं चित्रें प्रदर्शनांत मांडीत होता. लोकांचें लक्ष आपल्या कामाकडे वेधून घेण्याची हातोटी त्याच्याइतकी थोड्यांनाच साधली असेल. आणि त्या हातोटींत जो धोका आहे, तोहि त्याच्या चरित्रांत स्पष्ट दिसून येतो.

टर्नरचा जन्म १७७५ सालीं लंडन शहरांत, कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराजवळील मेडन लेन नांवाच्या अरुंद गल्लींत झाला. बाप विल्यम टर्नर हा न्हाव्याचा धंदा करी व केसांचे टोपहि तयार करी. घरांत सौख्य बेताचेंच होतें. धाकटी बहीण लहानपणींच वारली. आईच्या मनाचा तोल ढळूं लागला, आणि पुढें १८०० सालीं तिला बेथलेम येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्याची पाळी आली. १८०४ सालीं ती मरण पावली. अशा घरांतील मुलाच्या हातून पुढें कांहीं मोठें होईल, असें कोणास वाटलें नसतें. परंतु बापाचा मुलाच्या गुणांवर विश्वास होता. मुलानें काढलेलीं चित्रें तो आपल्या दुकानांत मांडून ठेवी, आणि एकेक चित्र एक ते तीन शिलिंगांस विकी. दाढी करण्यास व केस कापण्यास आलेलें गिऱ्हाईक तीं चित्रें पाही, आणि त्याच्या कानीं मुलाची स्तुतिहि पडे. टर्नरचें पहिलें प्रदर्शन भरलें तें असें, साबणाच्या फेंसाच्या व वस्तऱ्यांच्या शेजारीं.

येथें पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या बापानें चित्रें दुकानांत मांडलीं खरीं. परंतु तेवढ्यावर समाधान मानून तो थांबला नाहीं. मुलास शिकवणीची जरूर आहे, हें त्यानें ओळखलें. १७८९ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, टर्नरचा प्रवेश रॉयल ॲकॅडमीच्या कलाशाळेंत झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें एक जलरंगांतील चित्र ॲकॅडमीच्या प्रदर्शनांत लागलें. स्तुति आणि शिस्त हीं दोन्हीं एकाच वेळीं मिळणें हें लेंकराचें मोठें भाग्य होय.

त्या काळचें प्रदर्शन कसें असे, हें नीट समजल्यावांचून पुढील हकीकत कळणार नाहीं. टर्नरच्या तरुणपणीं रॉयल ॲकॅडमीचें वार्षिक प्रदर्शन टेम्स नदीकांठच्या सॉमरसेट हाउस या इमारतींत भरे. मुख्य दालनांत चित्रें थेट छतापर्यंत लावीत. चौकटीस चौकट भिडलेली असे, आणि मधून भिंत म्हणून दिसत नसे. जमिनीपासून सुमारें आठ फुटांवर लांकडाची एक पट्टी सभोंवार फिरविलेली होती. त्या पट्टीच्या बरोबरीनें ज्याचें चित्र लागे तो स्वतःस धन्य मानी. ज्याचें चित्र छताजवळ जाई त्याला तें कोणी पाहील याची आशाच सोडावी लागे. कोणास कोणती जागा द्यावयाची, हें ॲकॅडमीच्या सभासदांची एक समिति ठरवी. अशा गर्दींत कोणतेंहि चित्र एकटें नसे. त्याच्या उजवीकडे एक शेजारी, डावीकडे दुसरा, वर तिसरा. शेजारचें चित्र भडक असलें म्हणजे आपलें फिकें दिसे; शेजारचें काळसर असलें म्हणजे आपलें उजळून निघे. म्हणून चित्र काढण्याइतकाच भिंतीवरचा शेजारहि चित्रकारास महत्त्वाचा वाटे. आमचें सांगणें मुख्यत्वेंकरून या शेजाराविषयींच आहे.

टर्नर या गर्दींतून झपाट्यानें वर आला. १७९६ सालीं त्यानें तैलरंगांतील आपलें पहिलें चित्र प्रदर्शनांत मांडलें. रात्रीच्या समुद्रावर, चंद्रप्रकाशांत, लाटांवर हेलकावणारी कोळ्यांची होडी हा त्याचा विषय होता. १७९९ सालीं तो ॲकॅडमीचा सहसभासद झाला, आणि १८०२ सालीं, अवघ्या सव्वीसाव्या वर्षीं, पूर्ण सभासद झाला. कॉव्हेंट गार्डनच्या न्हाव्याच्या मुलास हा मान वशिल्यावांचून मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि त्यास दुसऱ्याच्या भिंतीवर अवलंबून राहावयाचें नव्हतें. १८०४ सालीं त्यानें लंडनमध्यें हार्ले स्ट्रीटवर आपलें स्वतःचें चित्रदालन उघडलें. तें सुमारें सत्तर फूट लांब व वीस फूट रुंद होतें. दुकान सोडून म्हातारा बाप येथें मुलाच्या मदतीस आला. कॅनव्हास ताणून चौकटीवर बसविणें, चित्रांवर रोगण चढविणें, दालनाची देखरेख ठेवणें, हीं कामें तो करी. एके काळीं दुकानांत चित्रें मांडणारा बाप आणि दालनाचा धनी झालेला मुलगा यांचा हा सहवास १८२९ सालीं बापाच्या मृत्यूनेंच संपला. मित्रांचें म्हणणें असें कीं, त्यानंतर टर्नर पूर्वीचा राहिला नाहीं.

कोणी म्हणेल कीं, असा मनुष्य बोलण्यांत मोठा चतुर असला पाहिजे. वस्तुस्थिति याच्या उलट होती. टर्नर ठेंगणा, राकट चेहऱ्याचा व तुटक बोलणारा असे. १८०७ सालीं ॲकॅडमीनें त्यास यथादर्शनाचा, म्हणजे दूरचें लहान व जवळचें मोठें दाखविण्याच्या शास्त्राचा, अध्यापक नेमलें. परंतु पहिलें व्याख्यान देण्यास १८११ साल उजाडलें. व्याख्यान देतांना तो पुटपुटे, त्याचे कागद खालींवर होत, आणि पुष्कळ श्रोत्यांस कांहीं समजत नसे. मात्र त्यानें व्याख्यानासाठीं तयार केलेल्या मोठमोठ्या आकृति इतक्या उत्तम असत कीं, ॲकॅडमीचा बहिरा ग्रंथपाल स्टॉथर्ड हा केवळ त्या पाहण्याकरितां येऊन बसे. ज्यांस सभेंत बोलतां येत नाहीं अशा आमच्या विद्यार्थ्यांनीं यावरून धीर धरावा. टर्नरच्या वतीनें त्याचें काम बोलत असे.

आतां त्याच्या प्रसिद्ध हातोटीकडे वळूं. प्रदर्शन उघडण्यापूर्वीं ॲकॅडमीच्या सभासदांस कांहीं दिवस दालनांत येऊन भिंतीवर लागलेल्या आपल्या चित्रांवर शेवटचा हात फिरविण्याची मुभा असे. १८०९ पासून ही चाल नियमानें सुरू झाली. या दिवसांस रोगणाचे दिवस म्हणत. इतर चित्रकार येऊन रोगणाचा हात देत व घरीं जात. टर्नर मात्र पुढें पुढें अर्धवट चित्र पाठवूं लागला आणि तें सर्वांच्या देखत, भिंतीवरच पुरें करूं लागला. १८३४ च्या १६ ऑक्टोबरच्या रात्रीं लंडनचें पार्लमेंट जळालें, आणि टर्नरनें तो अग्निप्रलय नदीवरून डोळ्यांनीं पाहिला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं ब्रिटिश इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रदर्शनांत त्यानें त्या विषयावरील चित्र पाठविलें, तेव्हां त्यावर अस्पष्ट रंगांवांचून फारसें कांहींच नव्हतें. भल्या पहाटे येऊन तो चित्रासमोर उभा राहिला. दिवसभर तो हालला नाहीं. कोणाशीं बोलला नाहीं. सभोंवतीं चित्रकारांचा घोळका जमला होता. हळूहळू त्या धुरकट रंगांतून ज्वाळा उसळल्या, नदींत त्यांचें प्रतिबिंब पडलें, पूल दिसूं लागला, कांठावरची गर्दी उमटली. काम पुरें होतांच त्यानें रंगांची पेटी मिटली आणि एकदांहि मागें वळून न पाहतां तो निघून गेला. त्या दिवशीं जे हजर होते त्यांस तो देखावा जन्मभर विसरतां आला नसावा. आज तें चित्र अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत आहे.

येथपर्यंत कौतुकास हरकत नाहीं. परंतु याच हातोटीचा उपयोग दुसऱ्यास खालीं पाहावयास लावण्याकडेहि झाला, आणि तो प्रसंग १८३२ सालचा आहे. जॉन कॉन्स्टेबल हा टर्नरहून एका वर्षानें लहान असा दुसरा थोर निसर्गचित्रकार होता. वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचा समारंभ या विषयावरील भव्य चित्रावर तो दहा वर्षांहून अधिक काळ खपत होता. त्या सालच्या प्रदर्शनांत तें चित्र लागलें, आणि शेजारीं लागलें टर्नरचें समुद्राचें एक करडें चित्र, ज्यांत तेजस्वी रंग असा नव्हताच. रोगणाच्या दिवसांत कॉन्स्टेबल आपल्या चित्रांतील निशाणांवर व नावांवर शेंदरी व लाल रंग चढवीत होता. टर्नर दोनतीनदां आला, दोन्हीं चित्रांकडे पाहून गेला. शेवटीं त्यानें दुसऱ्या दालनांतून आपली रंगफळी आणली, करड्या समुद्राच्या मधोमध शिलिंगाच्या नाण्याहून किंचित् मोठा असा लालभडक ठिपका दिला, आणि एक शब्दहि न बोलतां तो चालता झाला. त्या एका ठिपक्यासरशीं कॉन्स्टेबलचे सारे लाल रंग निस्तेज दिसूं लागले. बंदुकीचा बार उडवून कोणी निघून जावें, तसें आपणांस वाटलें, अशा अर्थाचे उद्गार कॉन्स्टेबलनें काढले. दीड दिवसानें, मुदत संपत आली असतां, टर्नर परत आला आणि त्या ठिपक्यास आकार देऊन त्यानें त्याचा समुद्रांत तरंगणारा बोया बनविला.

हा प्रसंग सांगतांना पुष्कळ लोक हंसतात व टर्नरच्या बुद्धीची तारीफ करतात. चित्रकार या नात्यानें ती तारीफ योग्यच आहे. शंभर रंगांचें काम एका ठिपक्यानें करणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. परंतु दहा वर्षांच्या श्रमाचें फळ घेऊन जो मनुष्य भिंतीशीं उभा होता, त्याच्या मनाचें काय झालें असेल, याचाहि विचार विद्यार्थ्यांनीं करावा. अर्थात् न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच्या आदल्याच वर्षीं कॉन्स्टेबल स्वतः जागा ठरविणाऱ्या समितींत होता, आणि त्यानें टर्नरचें चित्र हलवून त्या मोक्याच्या जागीं आपलें चित्र लावलें, असें डेव्हिड रॉबर्ट्स या चित्रकारानें नमूद करून ठेवलें आहे. म्हणजे आगळीक एकाच बाजूनें झाली असें नाहीं. दोघेहि थोर, दोघांचींहि चित्रें अमर. आणि तरीहि भिंतीवरच्या चार हात जागेसाठीं दोघांच्याहि मनाचा तोल गेला. प्रदर्शनाचा खरा धोका हाच होय. आपलें काम लोकांनीं पाहावें ही इच्छा निर्दोष आहे. परंतु शेजाऱ्याचें कोणी पाहूं नये ही इच्छा तिच्या पाठोपाठ केव्हां घरांत शिरते, हें माणसास कळत नाहीं.

टर्नरच्या ठायीं याहून वेगळी वृत्तीहि होती. प्रसिद्ध टीकाकार जॉन रस्किन यानें एक गोष्ट लिहून ठेवली आहे ती अशी. १८२६ सालच्या प्रदर्शनांत टर्नरचें कोलोन शहराचें एक चित्र सर टॉमस लॉरेन्स याच्या दोन व्यक्तिचित्रांच्या मधोमध लागलें होतें. टर्नरच्या चित्रांतील सोनेरी आकाशापुढें तीं दोन्हीं चित्रें उतरल्यासारखीं दिसूं लागलीं, आणि लॉरेन्स खट्टू झाला. तेव्हां प्रदर्शन उघडण्याच्या दिवशीं सकाळीं टर्नरनें दिव्याची काजळी पाण्यांत कालवून आपल्याच आकाशावर तिचा हात फिरविला. एक मित्र तें काळवंडलेलें चित्र पाहून घाबरला, तेव्हां टर्नरनें त्यास समजाविलें कीं, लॉरेन्स फार कष्टी झाला होता, आणि ही काजळी प्रदर्शन संपल्यावर धुऊन टाकतां येईल. अलीकडील कांहीं अभ्यासक या हकीकतीविषयीं शंका घेतात, म्हणून आम्हीहि तिच्यावर फार भार देत नाहीं. याच वृत्तीचा अधिक भक्कम पुरावा टर्नरच्या मृत्युपत्रांत सांपडतो, तो पुढें येईल.

उतारवयांत टर्नरचीं चित्रें अधिकाधिक प्रकाशमय होत गेलीं. वस्तूंच्या कडा विरघळल्या. धुकें, वाफ, पाऊस व ऊन हेच विषय झाले. १८३९ सालीं त्यानें टेमेरेअर या जुन्या लढाऊ जहाजाचें चित्र मांडलें. ट्रफाल्गारच्या युद्धांत लढलेलें तें फिकट जहाज मोडीसाठीं चाललें आहे, काळें वाफेचें लहान गलबत त्यास ओढीत आहे, आणि मागें सूर्य मावळत आहे. तें लोकांस फार आवडलें. परंतु टर्नरनें कितीहि आग्रह झाला तरी तें विकलें नाहीं. १८४२ सालच्या हिमवादळाच्या चित्राची मात्र टीकाकारांनीं साबणाचा फेंस व चुना म्हणून टवाळी केली. ती टवाळी म्हाताऱ्याच्या जिव्हारीं लागली. पुढच्याच वर्षीं, १८४३ सालीं, त्या वेळीं अवघ्या चोवीस वर्षांच्या रस्किननें मॉडर्न पेंटर्स या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध करून टर्नरची बाजू जगापुढें मांडली. साठ वर्षें स्वतःचें काम स्वतः मांडणाऱ्यालाहि शेवटीं दुसऱ्या कोणाच्या लेखणीची मदत लागलीच.

तिकडे त्याच्या स्वतःच्या दालनास अवकळा आली होती. १८२२ सालीं क्वीन ॲन स्ट्रीटवर त्यानें तें नव्यानें बांधलें होतें. वरून येणारें ऊन मंद व सारखें पडावें म्हणून छताखालीं जाळें पसरून त्यावर पातळ कागद घातला होता. आतां छप्पर गळत होतें, भिंतींचा रंग उडाला होता, चित्रांवरून पावसाचे ओघळ गेले होते, आणि बिनशेपटीचीं मांजरें मोकळीं हिंडत होतीं. धनी बहुधा तेथें नसे. चेल्सी भागांत नदीकांठच्या एका लहान घरांत तो खरें नांव लपवून राहूं लागला होता, आणि शेजारीपाजारी त्यास आरमारांतून निवृत्त झालेला कोणी अधिकारी समजत. टर्नरचें खाजगी जीवन सर्वस्वीं अनुकरणीय होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. तो संशयी होता, पैशास चिकट होता, आणि आप्तांपासून दूर राहिला. १९ डिसेंबर १८५१ रोजीं त्याच घरांत त्याचा अंत झाला, आणि सेंट पॉलच्या मंदिरांत त्यास मूठमाती देण्यांत आली.

मृत्युपत्र उघडल्यावर या चिकट म्हाताऱ्याचा हेतु जगास कळला. त्याची मालमत्ता सुमारें एक लाख चाळीस हजार पौंडांची होती, आणि तींतून हलाखींत पडलेल्या वृद्ध चित्रकारांसाठीं आश्रम काढावा, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे ज्यांच्याशीं भिंतीवर झुंज खेळली, त्याच व्यवसायबंधूंच्या म्हातारपणासाठीं तो जन्मभर शिल्लक टाकीत होता. दुर्दैवानें नातलगांनीं कोर्टांत वाद घातला. १८५६ सालीं निकाल लागून बहुतेक पैसा त्यांजकडे गेला, आणि आश्रम झालाच नाहीं. चित्रें मात्र राष्ट्रास मिळालीं. त्यांत सुमारें तीनशें तैलचित्रें असून जलरंगांतील कामें व रेखाटनें तीस हजारांच्या आसपास होतीं. त्यांतील बहुतेक संग्रहासाठीं लंडनच्या टेट संग्रहालयास जोडून १९८७ सालीं क्लोर गॅलरी बांधण्यांत आली. २०२० सालीं इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरचा चेहरा व त्याचें टेमेरेअर जहाज झळकलें. एके काळीं ज्याचें चित्र एका शिलिंगास मिळे, त्याचा असा गौरव झाला.

मृत्युपत्रांतील आणखी एक अट आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. सतराव्या शतकांतील क्लॉड लोरेन या महान् निसर्गचित्रकारास टर्नर गुरुस्थानीं मानी. तरुणपणीं क्लॉडचें शीबाच्या राणीच्या प्रयाणाचें चित्र पाहून, असें आपल्या हातून कधींहि होणार नाहीं या विचारानें त्याच्या डोळ्यांत पाणी आलें होतें, असें सांगतात. मरतांना त्यानें आपलीं दोन चित्रें नॅशनल गॅलरीस या अटीवर दिलीं कीं, तीं क्लॉडच्या दोन चित्रांच्या शेजारींच लावलीं जावींत. आणि त्या दोहोंपैकीं एक हेंच शीबाच्या राणीचें होय. स्वतः दिलेल्या दोहोंपैकीं एक चित्र, धुक्यांतून उगवणाऱ्या सूर्याचें, त्यानें पूर्वीं विकलें होतें. १८२७ सालीं तें त्यानें मुद्दाम परत विकत घेतलें होतें.

तरुणपणीं ज्याला वर काढणारी जागा हवी होती, आणि मध्यम वयांत ज्यानें शेजाऱ्याला एका ठिपक्यानें फिकें पाडलें, त्यानें शेवटीं आपणांहून थोर वाटणाऱ्या गुरूचा शेजार मागून घेतला. दुबळ्याच्या शेजारीं उभें राहिल्यानें आपण उंच दिसतों; थोराच्या शेजारीं उभें राहिल्यानें आपली खरी उंची कळते. ज्यास आपलें काम लोकांपुढें मांडावयाचें आहे, त्यानें तें निर्भयपणें मांडावें. तें व्यवस्थित चौकटींत, चांगल्या उजेडांत मांडावें. जागा चांगली मिळावी म्हणून खटपटहि करावी. परंतु लाल ठिपका हातीं घेण्यापूर्वीं शेजारीं कोण उभा आहे, व त्यानें त्या चित्रावर किती वर्षें घातलीं आहेत, इकडे एकवार पाहावें. पुढच्या वेळीं शाळेच्या दालनांत तुमचीं चित्रें लागतील, तेव्हां आपल्या चित्रासमोर उभें राहण्याआधीं शेजारच्या चित्रासमोर घटकाभर उभे राहा, एवढेंच आमचें मागणें आहे.